तुमचे बोर्ड सुटत नाहीयेत, वायरी सुटतायत

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचा १५ किलोचा रोबोवॉरचा, म्हणजे रोबोंच्या मारामारीच्या स्पर्धेचा बॉट आहे, पुढे ड्रम (वेगाने फिरणारा, समोरच्याला मारणारा दंडगोल), ॲल्युमिनियमची चेसिस, ड्राइव्ह आणि वेपन दोन्हीकडे ब्रशलेस मोटर. मोठी हिट बसली की बॉट दोन-तीन सेकंद झोपतो, कधी आपोआप उठतो तर कधी एका बाजूचं चाक गेलं ते गेलंच. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड), रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) सगळं बेसप्लेटवर हॉट ग्लूने चिकटवलंय, इव्हेंट तीन आठवड्यांवर आहे, आणि तुम्ही विचारताय की हॉट ग्लूपेक्षा तगडं काय मिळेल, का सरळ एपॉक्सी ओतून सगळं कायमचं बसवून टाकू.

एपॉक्सी नको. का ते पुढे येईलच, पण आधी तुमच्याच पोस्टमधलं एक वाक्य परत वाचा. तुम्ही लिहिलंय की मॅच झाल्यावर झाकण उघडलं तर सगळं जागच्या जागी होतं. अहो मग चिकटवण्यात काय प्रॉब्लेम आहे? ग्लूने त्याचं काम केलंय. बोर्ड हललेच नाहीत, हलली ती त्यांना जोडलेली वायर, आणि हिट बसली त्या क्षणी कुठेतरी कॉन्टॅक्ट सुटला.

मी कॉलेजात तीन वर्षं हेच उद्योग केले, नंतर पाच-सहा वर्षं ज्युनियर टीमांच्या पिटमध्ये, म्हणजे मॅचच्या मध्ये बॉट दुरुस्त करायच्या जागी, लुडबुड करतोय, आणि पोटापाण्यासाठी चाकणला गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवण्याच्या कामात आहे. त्यामुळे माझा कल वायरीकडे जास्त असणार हे धरून चाला. पण खरंच सांगतो, पिटमध्ये "इलेक्ट्रॉनिक्स गेलं" म्हणून रडत आलेल्या बॉटमध्ये बोर्ड खरोखर जळलेला कमी वेळा दिसतो, निघालेला कनेक्टर किंवा सोल्डरच्या कडेला तुटलेली वायर जास्त.

थोडा ढोबळ हिशोब करूया. समजा हिट बसल्यावर तुमच्या बॉटचा वेग सेकंदाला ३ मीटरने बदलला, आणि हा बदल चेसिस २ मिलिमीटर दबण्याच्या अंतरात झाला. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, म्हणजे ९ भागिले ०.००४, म्हणजे साधारण २२५० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे २३० जी, गुरुत्वाकर्षणाच्या २३० पट. ६० ग्रॅमचा ईएससी त्या क्षणी जवळपास १४ किलोच्या ओढ्याने जागेवरून निघायला बघतो. ६०० ग्रॅमची बॅटरी असेल तर तिचा ओढा १३८ किलो, म्हणजे बॅटरीच्या वेल्क्रोला दोन माणसं लटकल्यासारखं. आता त्याच ईएससीला थांबायला २ ऐवजी १० मिलिमीटर मिळाले तर २३० चे ४६ जी होतात आणि ओढा पावणेतीन किलोवर येतो. गोंद तोच, स्क्रू तोच, फक्त थांबायला जागा दिली. म्हणून एपॉक्सी नको म्हटलं, ती ही जागाच काढून घेते, चेसिसचा प्रत्येक दणका जसाच्या तसा बोर्डाच्या सोल्डरपर्यंत नेते. वर दोन मॅचच्या मध्ये ईएससी बदलायची वेळ आली की छिन्नी-हातोडा घेऊन बसा.

पण जागा दिली की बोर्ड हलणार, आणि बोर्ड हलला की वायर ओढली जाणार. सगळी गोम इथे आहे. मी जे काही शिकलोय ते एवढंच की वायरीने एकमेकांना जोडलेल्या वस्तू शक्यतो एकत्र हलल्या पाहिजेत, आणि ज्या एकत्र हलू शकत नाहीत त्यांच्यामधल्या वायरीला झोळ हवा. बाकी सगळं या एका गोष्टीतून निघतं.

हात लावायच्या आधी मात्र नक्की काय सुटतंय ते शोधा, नाहीतर तीन आठवडे चुकीच्या जागी जातील. तुमच्या मोटर ब्रशलेस आहेत हे चांगलंय, कारण त्या बोलतात. पॉवर दिल्यावर ईएससी मोटरमधून जी पूर्ण धून वाजवतो ती ओळखीची असेलच. मॅचचे मोबाइलवरचे व्हिडिओ काढा, कानात हेडफोन घाला आणि बॉट झोपल्यानंतर उठताना ती धून परत वाजते का ऐका. वाजली तर ईएससीचीच पॉवर गेली होती, म्हणजे संशय बॅटरीचा कनेक्टर, मेन स्विच, नाहीतर त्यांच्या सोल्डरवर. धून न वाजता नुसताच झोपून उठला तर पॉवर होती पण सिग्नल गेला, म्हणजे रिसीव्हर, त्याला बॅटरीतून ५ व्होल्ट करून देणारा बीईसी किंवा सिग्नलच्या बारीक वायरी. एकच बाजू जात असेल तर त्या ईएससीची सिग्नल वायर किंवा मोटरच्या तीनपैकी एक फेज (मोटरला जाणारी जाड वायर). अरीनाच्या गोंगाटात नेहमी ऐकू येईल असं नाही, पण एका व्हिडिओत सापडलं तरी अर्धं काम झालं.

एक चोर असा आहे की त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही, तो म्हणजे मेन स्विच. दुसऱ्या वर्षी आमच्या बॉटला साधा रॉकर स्विच होता, आतून पुढच्या दिशेला तोंड करून बसवलेला. समोरून हिट बसली की स्विचच्या आतली पत्ती स्वतःच्या वजनाने क्षणभर उचलली जायची, सर्किट तुटायचं, परत जुळायचं. उघडून बघितलं की स्विच ऑनच, मल्टिमीटर लावला की बीप येतोच! आम्ही दोन रिसीव्हर आणि एक बीईसी उगाच बदलला, ट्रान्समीटर बनवणाऱ्याला शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. शेवटी एका सीनियरने स्विचवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केली आणि बॉट झोपला. तेव्हापासून एक्सटी-९० या जाड बॅटरी कनेक्टरची लिंक, जी उपटली की पॉवर बंद, नाहीतर स्क्रू फिरवून कॉन्टॅक्ट दाबणारा स्विच. लिंक बाहेरून पटकन हाताला लागेल अशी हवी, टेक्निकल चेकिंगला ते बघतात आणि बॉट पेटला तर तुम्हालाही तेच हवं असतं.

आता माउंटिंग. माझी पद्धत अशी की तिन्ही ईएससी, रिसीव्हर, बीईसी सगळं एकाच ट्रेवर. ट्रे म्हणजे ३ मिलिमीटरची पॉलिकार्बोनेटची शीट पुरते. ॲक्रिलिक नको, दिसायला सारखंच असतं पण हिटला काचेसारखं तडकतं, आणि दुकानदार दोन्ही एकच म्हणून विकतो, त्यामुळे कोपरा वाकवून बघून घ्या. कार्बन फायबरची प्लेट भारी दिसते पण त्यातून करंट जातो, शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नलही अडतो, त्यामुळे ट्रेला नको. हा ट्रे चेसिसमध्ये खालून-वरून आणि चारी बाजूंनी फोममध्ये बसवायचा. ईएससी, रिसीव्हर, बीईसी यांच्यातल्या बारीक वायरी ट्रेवरच राहतात, ट्रे हलला की सगळं कुटुंब एकत्र हलतं, त्यामुळे आपसात ओढाताण नाही. ट्रेबाहेर जातात त्या फक्त बॅटरीच्या जाड वायरी आणि मोटरच्या फेज, त्यांना झोळ द्यायचा. तुमच्या फोटोत रिसीव्हर उजव्या भिंतीला, ईएससी बेसप्लेटला आणि मधल्या सिग्नल वायरी तारेवरच्या कपड्यांसारख्या ताणलेल्या दिसतायत. दणक्याला भिंत एकीकडे वाकते, बेसप्लेट दुसरीकडे, आणि मधला अडीच मिलिमीटर पिचचा कनेक्टर पिनवरून सरकतो. त्या कनेक्टरला लॉक नसतोच, नुसत्या घर्षणावर बसलेला असतो बिचारा.

फोम कुठला? क्लोज्ड सेलचा ईव्हीए, चपलेच्या सोलसाठी मिळतो तो, किंवा जाड योगा मॅट. गादीतला मऊ स्पंज नको, तो पहिल्याच दणक्यात पूर्ण दबतो आणि मग फोम असून नसल्यासारखा. मात्र १० मिलिमीटरचा फोम काही १० मिलिमीटर दबत नाही, निम्मा दबला तरी खूप झालं, म्हणून मगाचचा ४६ जी चा आकडा कागदावरचाच समजा. आणि फोम थोडा दाबूनच ट्रे बसला पाहिजे, बॉट हातात धरून हलवला तर आत काहीही खुळखुळता कामा नये. मोकळी जागा सगळ्यात वाईट, कारण त्या जागेत ट्रे वेग घेतो आणि पलीकडच्या भिंतीवर जाऊन आपटतो, म्हणजे एका हिटचे दोन दणके. ड्रोनवाल्यांकडच्या रबराच्या गुंड्या लोक वापरतात, त्या बारीक थरथरीला मस्त आहेत पण मोठ्या हिटला ताणून फाटतात, त्यामुळे वापरल्यात तरी वर झाकणाला फोम लावून ट्रेला अडवून ठेवा.

ट्रेवर ईएससी कसा धरायचा, तर तुमच्या ईएससीसारख्या, स्क्रूची भोकं नसलेल्या ईएससीला मी थ्रीएमचा व्हीएचबी डबल टेप आणि वरून झिप टाय असं दोन्ही लावतो. दोन्ही का? व्हीएचबी सरळ ओढायला आणि बाजूला सरकवायला जबरदस्त आहे, पण कडेपासून सोलायला लागलं की हार मानतो, आणि वायरीच्या वजनाने ईएससीचं एक टोक उचललं जाणं म्हणजे सोलणंच. झिप टाय ते टोक उचलू देत नाही. टेप लावायच्या आधी दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोट लावू नका, चांगलं दाबा, आणि तो पूर्ण पकड घ्यायला तीन दिवस घेतो हे लक्षात ठेवा. आदल्या रात्री दीड वाजता लावलेला व्हीएचबी सकाळच्या मॅचला निघाला म्हणून त्याला नावं ठेवणारे बरेच पाहिलेत. झिप टाय ईएससीच्या कपॅसिटरवरून किंवा मॉसफेटवरून (करंट चालू-बंद करणाऱ्या चिपांवरून) आवळू नका, हीटसिंकच्या सपाट भागावरून घ्या, आणि ट्रेमधल्या ज्या खाचेतून तो जातो तिच्या कडा कानसने मारा, नाहीतर ती कडच त्याला कापते.

ज्यांच्या मोटर ड्रायव्हर बोर्डाला चार भोकं आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. चारही कोपरे मेटल स्टँडऑफवर चेसिसलाच घट्ट आवळले तर चेसिस पिळली की बोर्डही पिळतो, आणि वरचे बारीक सिरॅमिक कपॅसिटर चिरतात. डोळ्यांना काही दिसत नाही, बोर्ड मात्र मेलेला. ट्रेवरच लावा, स्क्रूखाली रबरी वॉशर टाका, आवळताना हात आखडता घ्या. स्क्रू सुटू नये म्हणून नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची घट्ट कडी असलेला. लॉक्टाइट २४३, स्क्रूच्या आट्यांवर लावायचा गोंद, मेटलमध्ये मेटल असेल तिथे उत्तम, चेसिसला बिनधास्त वापरा, पण पॉलिकार्बोनेटजवळ आणूसुद्धा नका. ते लिक्विड त्या प्लास्टिकला चिरा पाडतं. आमच्या एका ट्रेला चारही स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडल्या होत्या, आम्हाला वाटलं हिटने झालं, नंतर कळलं आपलंच कर्तृत्व.

हॉट ग्लूला पूर्ण हाकलून देऊ नका, त्याची जागा फक्त बदला. ईएससी गरम झाला की ग्लू मऊ पडतो, म्हणून वजन धरायला तो नकोच. पण रिसीव्हरमध्ये घुसवलेल्या कनेक्टरांवर एक ओळ ओढली की ते हलत नाहीत, आणि काढायचं झालं तर कडेला अल्कोहोलचा थेंब सोडा, अख्खी पट्टी सोलून निघते. ईएससीचे मोठे उभे कपॅसिटर, जे दोन बारीक पायांवर डुलत असतात, त्यांना मात्र सिलिकॉनने एकमेकांना आणि बोर्डाला धरा. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचं घ्या. हार्डवेअरच्या दुकानात सहसा पहिलं हातात पडतं ते व्हिनेगरसारख्या वासाचं, ते तांब्याला गंजवतं.

आता वायरी, माझा आवडता विषय, तर जरा सहन करा. सिलिकॉनची मऊ वायर घेतली म्हणजे झालं असं नाही. सोल्डर करताना ते तारांच्या आत चढतं आणि तेवढा भाग कडक काडीसारखा होतो. पुढची वायर मऊ, ही काडी कडक, त्यामुळे हलताना सगळं वाकणं त्या सीमेवर जमा होतं आणि तारा एकेक करून तिथेच तुटतात, सोल्डरच्या आत नाही, बरोब्बर कडेला. वरून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) असेल तर दिसतही नाही, हिटला कॉन्टॅक्ट सुटतो आणि परत जुळतो. तुमचं दोन-तीन सेकंदांचं झोपणं अशातलंही असू शकतं. उपाय असा की जोडाच्या पुढे दोन सेंटीमीटरपर्यंत जाड हीट श्रिंक न्या आणि कनेक्टरपासून दोन-अडीच सेंटीमीटरवर वायरीला पहिला टाय मारा. तो टाय कशाला मारायचा हे सगळ्यात महत्त्वाचं! ज्या वस्तूवर कनेक्टर बसलाय त्याच वस्तूला. ईएससीची वायर ट्रेला बांधायची, चेसिसला नाही. चेसिसला बांधलीत तर ट्रे हलल्यावर तो टायच वायर उपटायला मदत करतो. गाड्यांमध्येही हेच असतं, बॉनेट उघडून बघा, इंजिनवर बसलेल्या सेन्सरची वायर आधी इंजिनवरच क्लिप झालेली असते, आणि मग लांब झोळ घेऊन बॉडीकडे जाते, कारण इंजिन आपल्या रबरी माउंटवर डुलत असतं.

झोळ किती? ट्रे त्याच्या फोममध्ये जास्तीत जास्त जितका सरकेल त्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे तुमच्याकडे दोन बोटं जातील इतकी सैल कमान पुरे. जास्त झोळ ठेवलात तर ती वायरच चाबकासारखी हलते, आणि कधी ड्रमच्या बेल्टमध्ये जाते, ते वेगळंच प्रकरण.

बॅटरीला ट्रेवर ठेवू नका. ती इतकी जड आहे की सगळ्या ट्रेला फरफटत नेईल. तिला स्वतःचा डबा हवा, एचडीपीई या चिवट प्लास्टिकचा, किंवा टीपीयू या रबरासारख्या प्लास्टिकमध्ये थ्री-डी प्रिंट केलेला, पाचही बाजूंनी फोम आणि वर पट्टा. पीएलए मध्ये प्रिंट करू नका, ते ६० अंशांच्या आसपास मऊ होतं आणि त्याआधी ठिसूळ असतं. डब्याच्या आत एकाही स्क्रूचं टोक डोकावता कामा नये, लायपोला, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीला, टोचलं की आग लागू शकते, इथे नशिबावर सोडू नका. बॅटरीचे वायर निघतात ते टोक हिटच्या विरुद्ध दिशेला ठेवा, म्हणजे ड्रमच्या बॉटमध्ये मागे. वेल्क्रोचा पट्टा डब्याभोवती पूर्ण गुंडाळलेला चालतो, पण नुसता तुकडा खाली चिकटवून त्यावर बॅटरी, हे १३८ किलोच्या हिशोबानंतर तुम्हीच ठरवा.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या कबूल करतो. तुमचा ड्रम वर उचलणारा आहे, म्हणजे समोरच्याला वर फेकताना तुमचा बॉट तितक्याच जोराने खाली दाबला जातो, त्यामुळे तुम्हाला ट्रेखालचा फोम जास्त जाड लागेल. आडवं फिरणारं ब्लेड असतं तर बॉट गरकन फिरला असता आणि बाजूचा फोम महत्त्वाचा ठरला असता. दीड किलोच्या बॉटमध्ये ट्रेला जागाच नसते, तिथे ईएससी फोममध्ये गुंडाळून कोंबणं हाच ट्रे. आणि रोबोकॉनवाले, म्हणजे रोबोकडून ठरावीक कामं करून घ्यायच्या स्पर्धेवाले, हे वाचत असतील तर तुमची गोष्ट निराळी, तिथे कोणी हातोडा मारत नाही पण तासन्‌तास प्रॅक्टिसची थरथर असते, म्हणून फोमपेक्षा नायलॉक, क्रिंप आणि लॉक असलेले कनेक्टर बघा, आर्डुइनोवरच्या जंपर वायरी तर पहिल्याच आठवड्यात काढून टाका.

अँटेनाचं पटकन: ॲल्युमिनियमच्या डब्यात अँटेना ठेवू नका, दोन असतील तर एकमेकींना काटकोनात, पॉलिकार्बोनेटच्या झाकणाला आतून टेपने, आणि शेवटचे तीन सेंटीमीटर, जिथे वरचं जाळीचं आवरण नसतं, ते सरळ आणि मोकळे. झाकण उघडताना हीच वायर उपटते, म्हणून झाकणावर नाही तर झाकणाजवळच्या प्लास्टिकच्या खांबावर लावता आली तर आणखी बरं. आणि ॲल्युमिनियमला ड्रिल मारायच्या आधी सगळं इलेक्ट्रॉनिक्स बाहेर काढा. बुरादा ईएससीत गेला की तो नेमका मॅचमध्येच बोलतो.

तीन आठवड्यांत हे सगळं होतं का? होतं, पण क्रम असा ठेवा की पहिले दोन दिवस नुसती तपासणी. ड्रम काढून ठेवा, बेल्टही काढा, चाकं हवेत राहतील असा बॉट लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवा, ड्राइव्ह हळू चालू ठेवा आणि रबरी हातोड्याने चेसिसला चारी बाजूंनी ठोका. एकजण ठोकणार, एकजण ट्रान्समीटर धरणार, तिसरा झाकण काढलेल्या बॉटचा मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घेणार. लायपो जोडलेली असताना वाळूची बादली शेजारी हवी. व्हिडिओत वायर कशी नाचते ते एकदा बघितलंत की मी वर लिहिलेलं अर्धं विसरलात तरी चालेल. मग ठोकणं बंद करून प्लास्टिकच्या काडीने एकेक कनेक्टर, एकेक सोल्डरचा जोड हलवत जा, जिथे चाक अडखळलं तो तुमचा चोर. स्विचला विसरू नका.

मग आठवडाभरात ट्रे आणि बॅटरीचा डबा. फोम, नायलॉक, ग्रोमेट (वायरीच्या भोकात बसवायची रबरी कडी), सगळं पुण्यात बोहरी आळीत एका फेरीत मिळतं, मुंबईत असाल तर कनेक्टर-वायरींसाठी लॅमिंग्टन रोड आहेच. उरलेले दिवस हातोडा टेस्ट परत, आणि या वेळी ठोकायला टीमबाहेरचा कोणीतरी बोलवा, आपल्या बॉटला आपला हात जपूनच लागतो. तपासणीचा व्हिडिओ आणि त्या धूनचं काय झालं ते इथेच टाका, धून वाजत असेल तर मला मेन स्विच आणि बॅटरीच्या कनेक्टरच्या सोल्डरचा जवळून फोटो हवा, हीट श्रिंक कापून काढलेला.